परवाचं टिपण

आमच्या घरात 'परवा' म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. हैदराबादी 'परसों'चा हा गुण आमच्या मराठीला लागला आहे. आईच्या लेखी तिचं लग्न परवाच झालं; त्याला साठ वर्षं झाली.

बाबा परराष्ट्र खात्यात होते. १९७८च्या मार्चमध्ये एका आफ्रिकी देशाशी तांब्याचा करार झाला. आठवड्याभरात तिथलं सरकार पडलं आणि तांबं काही आलं नाही. मे महिन्यात दिल्लीच्या एका पत्रकाराने बाबांना विचारलं, सही होताना तुम्ही गप्प कसे राहिलात? बाबा म्हणाले, "मैं तो परसोंइच लिख के दिया था." पत्रकाराने छापलं: सहीच्या दोन दिवस आधी टिपण देऊन सावध करणारा अधिकारी, नरहर देशमुख. बाबांनी खुलासा केला नाही. त्या दूरदृष्टीच्या बळावर ते पुढे तीन सरकारांचे सल्लागार झाले.

आता परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांचा चरित्रकोश निघतो आहे. संपादक विक्रम यांनी मेलवर एवढंच विचारलं होतं: त्या टिपणाची नेमकी तारीख कळवावी, मजकूर आज संध्याकाळी छपाईला जातो.

हैदराबादेत, आमच्या कुकटपल्लीच्या फ्लॅटच्या माळ्यावर मला टिपणाची कार्बन प्रत सापडली. करार १४ मार्चचा. टिपण २५ मार्चचं.

"अकरा दिवस," बाबा म्हणाले. "एवढ्या वर्षांत नगण्य."

"चिन्ह बदलतं, बाबा. उणे दोनचं अधिक अकरा होतं."

"तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीस दीपाली, पण बोलायची रीत काही आली नाही. 'त्या सुमारास' असं लिही."

"त्यांना नेमकी हवी आहे."

"मग 'सहीच्या अलीकडे-पलीकडे'."

आई लसूण सोलत होती. "अहो, कोशात तुमचं एवढंच आहे का? बाकी काही केलंच नाहीत?"

"बाकीचं सगळं यावरच उभं आहे," बाबा म्हणाले. हे मात्र त्यांनी नेमकं सांगितलं.

मी एक ओळ लिहिली: 'टिपण २५ मार्च १९७८चं, सहीनंतर अकरा दिवसांनी दिलेलं.' लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, 'दिलेलं' काढून 'सादर केलेलं' करायला लावलं.

"मसुदा उत्तम आहे," ते म्हणाले. "परवा पाठवू."

मी बटण दाबलं.

"पाठवलं, बाबा."

"कधी?"

"परवाच."