गावातील सर्वांत उंच ठिकाण कोणते? (१ गुण)

धावड्याच्या पुढं दोन फाटे सोडले की चढ लागतो, आणि चढ संपला की नाकेमाळ. सोमवारचा बाजार, दोन हॉटेलं, एक एटीएम (ते चालू झालं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात) आणि बाकी सगळा खडक. माती इतकी पातळ की कुदळ मारली तर आधी ठिणगी निघते. वारा मात्र बारमाही आणि भरपूर. नवा पाहुणा आला की चहा संपायच्या आत विचारतो, "पाणी न्हाई, तर इथं गाव बसलंच कशाला?"

याचं उत्तर तातेराव गुरुजींकडे होतं आणि ते त्यांनी कितीतरी वर्गांकडून पाठ करून घेतलं होतं. निजामाच्या राज्यात इथं करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं होतं. सरहद्दीवरून येणाऱ्या मालाच्या गाड्या नाकेदाराला लांबून दिसायला हव्यात, म्हणून जागा उंच निवडली. पाण्याचं काय, हे नाकेदाराला कुणी विचारलं नाही, कारण त्याचं पाणी खालून पखालीत यायचं. पुढं नाकेदार गेला, राज्य गेलं, पखालीच्या जागी टँकर आला. पण तोवर बाजार भरायला लागला होता, आणि भरलेला बाजार उठवणं निजामालाही जमलं नसतं.

हे सगळं शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं काढलेलं आहे. नव्वद साली गुरुजी नवे नवे नोकरीला लागले तेव्हा त्यांनी स्वतः गावाचा नकाशा काढला. त्यात आड आहे, बाजार आहे, मारुती आहे, भीमनगर आहे, आणि एक लाल ठिपका आहे. ठिपक्याशेजारी लिहिलंय : 'सर्वांत उंच ठिकाण – बाबाराव यांचे खळे'. चौथीच्या परीक्षेत हा प्रश्न दरवर्षी एका मार्काला यायचा. गावात आज पंचेचाळिशीच्या आतला माणूस असा सापडायचा नाही ज्यानं हा मार्क कमावलेला नाही. म्हणजे एक सापडला असता, पण ते पुढं.

गुरुजींना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मार्क द्यायची खोड मात्र अजून नोकरीत होती. हॉटेलच्या चहाला ते मनातल्या मनात चाळीस द्यायचे, केशरबाईंच्या भाजीला साठ (पंचावन्न दिले तरी तिला कळायचं), आणि सरपंच कचरूला बावन्न. कचरू हा त्याच बाबारावांचा मुलगा, गुरुजींचा पहिल्या तुकडीचा विद्यार्थी, चौथीत पहिला आलेला. पुढं कशातच पहिला आला नाही, म्हणून तो पहिला नंबर त्यानं फार जपला होता.

त्या जानेवारीत गावाला पाण्याची टाकी मंजूर झाली. पाहणीला अर्पिता मॅडम नावाच्या इंजिनियर आल्या. वय चोविसेक, पायात बूट, बोलणं सरळ. ग्रामपंचायतीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "तुमच्या गावातली सगळ्यात उंच जागा कोणती?"

सगळे सदस्य, शिपाई आणि चहा घेऊन आलेला हॉटेलवाला एका सुरात म्हणाले, "कचरूचं खळं." चौथीतला सूर होता, हेल काढून म्हटलेला. फक्त बेबीनंदा सुरात नव्हती. ती भीमनगरची सदस्य, तिचं किराणा दुकान. मामाच्याच घरात दिल्यामुळं तिचं सासर-माहेर एकाच आळीत. ती म्हणाली, "भिंतीवर तसंच लिव्हलंय बाई."

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "बुधवारी ग्रामसभेचा ठराव करा. गुरुवारी मी मशीन घेऊन उंची तपासायला येते. मशीन एकच आहे, तीन तालुक्यांत फिरतंय. ठरावातली जागा उंच नाही निघाली तर फाइल परत जाईल, आणि मार्चच्या आत यादीतलं पुढचं गाव टाकी घेऊन जाईल. मंग माझ्याकडं येऊ नका."

"उंच न्हाई निघायला काय झालं?" कचरू म्हणाला. "गुरुजींनी मोजलेलं हाये. जागा मी फुकट देतो. बापाचं नाव टाकीवर टाका, बस."

कोपऱ्यात बसलेल्या गुरुजींच्या हातातला चहा निवत चालला होता.

रात्रीची भाकर गुरुजींनी अर्धी ठेवली, तेव्हा केशरबाईंनी ताट सरकवून घेतलं. "किती मार्क कापले आज भाजीचे?"

"भाजीचे न्हाई. माझेच."

मग त्यांनी सांगितलं. नव्वद साली त्यांनी खरंच मोजलं होतं. गवंड्याची लेव्हलची नळी मागून आणली, टोकं धरायला पोरं जमवली, आकडे मात्र स्वतःच्याच वहीत ठेवले, सगळा रविवार गाव मोजलं. उंच निघाला तो भीमनगरमागचा नाक्याचा खडक. म्हणजे गुरुजींच्या स्वतःच्या घराच्या पाठीमागची जागा.

"मंग?"

"मंग काय. नवी नोकरी. भीमनगरचा पोरगा मास्तर झाला आन पहिल्याच वर्षी गावातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणून आपलाच परसा दाखवला, असं झालं असतं. त्यात रंगाचा डबा बाबारावांनी दिल्ता. ते खुर्ची टाकून बघत बसले होते. मी ब्रश उचलला, आन ठिपका जरा खाली सरकला."

"जरा म्हंजे किती?"

"अर्धं गाव."

केशरबाई हसल्या नाहीत, पण हसू आवरायला पदर तोंडाला लावला. मग हिशेब त्यांच्या ध्यानात आला. "म्हंजे टाकी खळ्यावर झाली तर आपल्या आळीला नळ मिळंल, पाणी न्हाई."

"टाकीच होणार न्हाई. गुरुवारी मॅडमचं मशीन येऊन राह्यलंय."

"मंग सांगून टाका."

"आता सांगितलं तर लोक काय म्हणतीन? निवृत्त झाल्याबरोबर गुरुजीनं टाकी आपल्या दारात ओढली. तेव्हा ज्याला भिलो, तेच आज डबल होऊन आलं."

"भिल्याचे मार्क किती देता तुम्ही पोरांना?" केशरबाईंनी विचारलं आणि भांडी घासायला गेल्या.

मंगळवारी सकाळी गुरुजी कचरूकडे गेले. एकट्याला सांगावं, त्यानं आपणहून जागा बदलावी, झाकली मूठ राहावी, असा बेत होता. कचरू ओसरीवर चहा पीत होता, कपात नाही, स्टीलच्या पेल्यात. पेल्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं : 'इ. ४ थी, प्रथम क्रमांक, चि. कचरू'. बक्षीस गुरुजींच्याच हातचं होतं. चौथीपासून आजवर कचरूनं दुसऱ्या भांड्यात चहा घेतला नव्हता.

"कचरू, जुन्या काळचं मोजमाप होतं ते. एवढं धरून चालू नये."

"गुरुजी, हे तुमचं मोठेपण."

"माणूस चुकतो रे."

"माणूस चुकतो, तुम्ही न्हाई. उषा, गुरुजींना चहा." आतून उषाबाई चहा घेऊन आल्या. "खळ्याचं काय म्हणताव गुरुजी?" त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले त्या दिशी सासऱ्यांनी आधी खळं दाखवलं, मंग घर."

यापुढं काही बोलणं म्हणजे ओसरीचा खांब ओढण्यासारखं होतं. गुरुजींनी चहा घेतला, त्याला पंचाहत्तर दिले आणि परत आले.

बुधवारी ग्रामसभेला मारुतीपुढचा पार भरला. टाकी म्हटल्यावर एरवी सही करून पळणारेही बसून राहिले होते. ग्रामसेवकानं ठराव वाचला. हात वर करायची वेळ आली, तेव्हा गुरुजींनी हात वर केला आणि उभेही राहिले. लोकांना वाटलं अनुमोदन.

"ठिपका चुकीचा आहे," गुरुजी म्हणाले. "मोजलं तेव्हा नाक्याचा खडक उंच निघाल्ता. मी भिऊन खळ्यावर दाखवला. बाबारावांचा दोष न्हाई, त्यांनी फक्त रंग दिला. चूक माझी हाये, आन ती मी तुमच्या सगळ्यांच्या वहीत उतरवली."

ठरावाचा कागद ग्रामसेवकाच्या हातात वाऱ्यानं फडफडला. मग अपेक्षेप्रमाणे एक आवाज मागून आला, "खडक म्हंजे गुरुजींच्या परसातच की." दुसरा म्हणाला, "पस्तीस वर्षांनी बराबर याद आली." कचरू गुरुजींकडं असा बघत होता जसा चौथीत पहिल्यांदा छडी बसल्यावर बघत राहिला असेल.

गुरुजी बसले नाहीत. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," ते म्हणाले. "एकदा ठेवला ते पुरे झालं. सोमेश्वर, तुझी नळी आण."

सोमेश्वर गवंडी. त्याच्याकडं वीस मीटरची पारदर्शक नळी होती. नळीत पाणी भरलं, दिसावं म्हणून बेबीनंदानं दुकानातून नीळ आणून टाकली. या नळीचं काम सोपं असतं : दोन टोकं दोन माणसांनी धरायची, दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतं, मग जमीन किती वर किती खाली ते टेपनं मोजायचं. पाण्याला आळी कळत नाही, सरपंच कळत नाही.

खळ्यापासून सुरुवात झाली. एक टोक कचरूनं स्वतः धरलं, दुसरं गुरुजींनी. आकडे ग्रामसेवकानं लिहायचे आणि शंका नको म्हणून बेबीनंदानंही लिहायचे, असं ठरलं. मागून सगळं गाव. बाजारापर्यंत उतार होता. सातव्या टप्प्याला खळं सहा फुटांनी पुढं होतं. कचरूच्या आळीतली माणसं कोपरखळ्या मारायला लागली. "गुरुजी, वय झालं आता," कुणीतरी प्रेमानं म्हणालं. गुरुजींनी घाम पुसला. त्यांना एक भलतीच भीती वाटायला लागली होती, की नव्वद साली आपण मोजलंही चुकीचंच असेल तर?

मारुतीच्या मागून गल्ली वळली आणि नळीतलं निळं पाणी गुरुजींच्या बाजूला खाली-खाली जायला लागलं, म्हणजे त्यांच्या पायाखालची जमीन वर चढायला लागली. आधी कमरेला, मग गुडघ्याला. प्रत्येक टप्प्याला नळी पुन्हा वर धरावी लागत होती. अकराव्या टप्प्याला खळ्याची आघाडी संपली. कोपरखळ्या थांबल्या. सोळाव्या टप्प्याला गुरुजी नाक्याच्या खडकावर उभे होते, जिथं निशाणाच्या काठीसाठी पाडलेलं भोक अजून आहे, आणि दोन्ही वह्यांत एकच आकडा होता : खडक साडेनऊ फूट उंच.

कचरू टोक हातात धरून खाली उभा होता. वर बघत म्हणाला, "साडेनऊ?"

"साडेनऊ," ग्रामसेवक म्हणाला.

"एखाद-दुसरा असता तर भांडलो असतो," कचरू म्हणाला. "साडेनऊ फुटाला काय भांडावं." आणि खाली बसला. लोक हसले, मग तोही हसला. "ठराव बदला. खडकावर घ्या. जल्दी करा, उद्या मॅडम येऊन राह्यल्या."

सगळे हात वर झाले. बेबीनंदाचाही झाला, पण बाकीचे खाली आले तरी तिचा वरच राहिला.

"काय गं?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, माझा एक मार्क."

"कोणता?"

"चौथीतला. मी 'नाक्याचा खडक' लिव्हलं होतं. तुम्ही लाल रेघ मारली."

गुरुजींना आठवलं. नऊ वर्षांची, दोन वेण्या, उत्तरपत्रिका घेऊन टेबलाशी आली होती. आपण नळीनं मोजलेलं खरं उत्तर हिनं कसं लिहिलं, याचंच तेव्हा त्यांना भय वाटलं होतं. नळी धरायच्या रविवारी ही नव्हती. "तुला कसं कळालं होतं?"

"रोज आडावरून कळशी आणत होते की. आड खळ्याला लागूनच, टँकर त्यातच रिकामा व्हायचा. तिथून भरून निघालं की आमच्या आळीत येस्तोवर दम लागायचा. रिकामी कळशी घेऊन जाताना पाय आपोआप पळायचे. त्याला मोजायला नळी कशाला?"

गुरुजींनी घरून जुनं गुणपत्रक मागवलं. केशरबाईंनी परसातून सगळं ऐकून ते आधीच ट्रंकेतून काढून ठेवलं होतं. कचरू सत्तेचाळीस, बेबीनंदा शेहेचाळीस. गुरुजींनी परत पारावर येऊन लाल पेनानं दोन्ही आकडे खोडले, उलटे लिहिले, खाली तारीख टाकून सही केली.

"म्हंजे माझा पहिला नंबर गेला," कचरू म्हणाला.

"खळं गेलं, नंबर गेला," बेबीनंदा म्हणाली. "सरपंचपद तेवढं संभाळा."

कचरू उठून घरी गेला. लोकांना वाटलं रुसला. दहा मिनिटांनी तो पेला घेऊन आला, घासून लख्ख केलेला, आणि तिच्यापुढं धरला. बेबीनंदानं तो फिरवून बघितला. नाव दुसऱ्याचं होतं.

"ठेवा तुमच्याकडंच," ती म्हणाली. "नळ आला की पहिलं पाणी यात भरून माझ्या दारात आणून द्या. तुमच्या हातानं, पायी."

गुरुवारी मॅडमच्या मशीननं नऊ फूट सात इंच दाखवले. मॅडमनी विचारलं, तुम्ही आधी कशानं मोजलं? सोमेश्वरनं नळी दाखवली. एक इंच त्यांनी वाऱ्याच्या नावावर टाकला.

टाकी पुढच्या वर्षी चैत्रात भरली. नळ सोडला त्या दिवशी सकाळी गुरुजी शाळेच्या भिंतीपाशी शिडीवर होते. रंगाचा डबा कचरूनं आणून दिला होता, या वेळी खुर्ची टाकून बसला मात्र नाही, कारण त्याला काम होतं. शिडीवरून गुरुजींना सगळी गल्ली दिसत होती. कचरू भरलेला पेला दोन्ही हातांत धरून चढ चढत होता. मारुतीपाशी थांबला. पुन्हा निघाला. दुकानाच्या दारात पोचला तेव्हा पेल्यात निम्मं पाणी उरलं होतं आणि छाती भात्यासारखी हलत होती.

"चढ हाये की गं," तो म्हणाला.

"तेच लिव्हलं होतं," बेबीनंदा म्हणाली, आणि पेला घेतला.

गुरुजींनी शिडीवरूनच कचरूला मार्क दिले. किती दिले ते त्यांनी केशरबाईंनाही सांगितलं नाही, पण बावन्नच्या वर होते.