वादळानंतरचा पसारा

नळाला पुन्हा गढूळ पाणी आलं आणि बायकोने घर डोक्यावर घेतलं. "अहो, पातेल्याच्या तळाशी माती बसलीये! पोरांना हे प्यायला द्यायचं का?"

"पाणीखात्याला विचार," वनअधिकारी म्हणाले आणि टेबलावरची वर्तमानपत्रं कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवू लागले. पसारा त्यांना मुळीच खपत नसे. घरात त्यांचं नावच 'टापटीप' पडलं होतं. वादळात शहराच्या वरच्या उतारावरची झाडं आडवी झाली, तेव्हा त्यांनी जंगलातही हाच खाक्या चालवला. खोडं ओढून रस्त्याकडेला रचली, उभी वाळलेली झाडं पाडली, पालापाचोळा जाळला. अर्धा उतार लख्ख झाला. उरलेल्या अर्ध्यावर उद्या यंत्रं चढणार होती, आणि मग मोठे साहेब पाहणीला येणार होते. शाबासकी ठरलेलीच!

सासूबाई मुलीकडे राहायला आल्या होत्या. त्या वनखात्यातूनच निवृत्त झालेल्या, त्यामुळे जावई त्यांना जरा वचकूनच असत. पातेल्यातला गाळ चिमटीत घेऊन त्या म्हणाल्या, "जावईबापू, ही तुमच्या जंगलातली माती. चला, दाखवते."

उतारावरून दोन ओहळ शहराला पाणी पुरवणाऱ्या तळ्याकडे जात होते. साफ केलेल्या बाजूचा चहासारखा दिसत होता. पडझडीतून आलेला दुसरा मात्र नितळ होता.

"हे कसं काय?" अधिकारी चक्रावले.

"ते आडवं खोड बघा. वरून येणारी माती त्याने अडवलीय. पाणी थांबतं, मुरतं, मग सावकाश खाली उतरतं. तुमच्या बाजूला अडवायला आहे कोण?"

"पण आई, मेलेली झाडं ती! कीड लागते त्यांना."

"लागू दे की! किडे नि बुरशी मिळून त्याची माती करतात. त्यावरच पुढचं जंगल पोसतं. जरा वाका इथे."

अधिकारी वाकले. एका जुन्या खोडाच्या कुजक्या सालीतून इवलीइवली रोपं वर आली होती. मोठी झाडं पडल्याने त्यांना आता ऊन मिळत होतं. शेजारच्या वाळक्या झाडाच्या ढोलीतून एका सुतारपक्ष्याने डोकं बाहेर काढलं, दोघांना न्याहाळलं आणि आत ओढून घेतलं.

"वाटेवरचं खोड खुशाल हलवा, कुणाच्या अंगावर येईल असं झाड पाडा," सासूबाई म्हणाल्या. "बाकीची राहू द्या. मेलं म्हणून झाडाचं काम संपत नाही. मी निवृत्त झाले, माझं तरी कुठे संपलंय?"

"अरेरे! म्हणजे मी जंगल साफ केलं आणि घाण स्वतःच्याच पोरांच्या पेल्यात आणून ओतली!" अधिकारी त्या ओल्या खोडावर मटकन बसले. कडक इस्त्रीची पँट शेवाळाने हिरवी झाली, पण त्यांनी ती झटकलीसुद्धा नाही.

तिथूनच त्यांनी यंत्रं थांबवली आणि साहेबांना फोन केला. साहेब कडाडले, "काम अर्धवट सोडता?"

"साहेब, जे अर्धं करायचं राहिलंय, तेच नीट राहिलंय. चूक माझी आहे. तुम्ही या, दोन्ही ओहळांचं पाणी पेल्यात भरून दाखवतो."

साहेब आले, दोन्ही पेले उजेडात धरून पाहिले आणि चूक सुधारायला सांगितलं. रस्त्याकडेला रचलेली खोडं पुन्हा उतारावर आडवी टाकली गेली. हळूहळू नळाचं पाणी निवळलं.

मंडळी, जंगल म्हणजे आपला दिवाणखाना नव्हे. आपल्याला जो पसारा वाटतो, तो तिथला संसार असतो. पडलेल्या झाडाला उचलण्याआधी त्याने काय काय धरून ठेवलंय, एवढं तरी पाहायला हवं!

पाणी निवळलं त्या संध्याकाळी अधिकाऱ्यांनी नितळ पाण्याचा पेला आधी सासूबाईंना दिला. बायकोने डोळे मिचकावत विचारलं, "मग आता ओला टॉवेल पलंगावर चालेल ना?"

"तेवढं मात्र जमणार नाही हं!" टापटीप म्हणाले, आणि घर हसण्याने भरून गेलं.