टाकीवरचा दिवा

थोरल्या जाऊबाईंनी ॲक्सोलॉटल पाळला, म्हणून मीही आणला. बेडकाच्या गोतातला हा प्राणी, पण जन्मभर पाण्यातच राहतो. त्यांच्या टाकीत काय, तर लाकडाला बांधलेलं नेचं, मूठभर शेवाळ आणि जिन्यात असतो तसा मिणमिणता दिवा. तरी येईल तो कौतुकच करणार! म्हटलं, थांबा, दाखवतेच आता.

"मंद उजेडात वाढणारी रोपं घ्या," म्हणून दुकानदाराने माझं डोकं खाल्लं. मी लालबुंद पानांचीच उचलली. ती लाल राहायला लख्ख उजेड लागतो, म्हणून दुकानातला सगळ्यात प्रखर दिवाही घेतला.

टाकी अशी झळाळली की शेजारीपाजारी बघायला आले. प्राणी मात्र कुणालाच दिसला नाही. तो आडव्या मडक्यात शिरला, तो बाहेर यायचं नावच घेईना. आणि जाऊबाईंचा मेला दिवसभर काचेला नाक लावून बसतो!

शेवटी नवऱ्याने मला न विचारता त्यांनाच बोलावलं. त्यांनी आल्या आल्या दिवा बंद केला.

"अगं, याला पापण्या नसतात. बिचाऱ्याने डोळे मिटायचे कसे?"

त्यांनी काचेवर बोट टेकवलं. मडक्यातून आधी थोबाड आलं, मग गुलाबी कल्ल्यांची झालर, आणि स्वारी तडक त्यांच्या बोटापाशी जाऊन थांबली.

"वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे हं," नवरा म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्या हाताबद्दल एक शब्द नाही.

"मी चहा टाकते," मी हसून म्हणाले, आणि जाता जाता दिवा पुन्हा लावला.