बाळंतीण इंजिन

"कोणी इस्वास ठेवणार नाय," दादू म्हणाला, "पण नेऱ्यापासून पनवेल सहा मैल. मी जगनला घेऊन निघालो, तवा या अंगणात धूळ उडाली. ती धूळ खाली बसायच्या आत गाडी दवाखान्याच्या दारात हुबी!"

जगनचं बारावं होतं. जेवणं उरकली होती. पंधरा-वीस माणसं मांडवाखाली पान लावत बसली होती आणि मेलेल्याच्या अंगणात बोलावं तेवढंच बोलत होती. जगन हा दादूचा मेहुणा, बायको जनीचा पाठचा भाऊ. खळ्यावर पेंढ्यात हात घातला नि नाग चावला. त्या सकाळपासून जनी माहेरीच होती, आणि बारा दिवसांत ती नवऱ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. आता ती दाराआड आपल्या आईला, गुणाबाईला, धरून बसली होती. सांजेआधी ती दादूबरोबर पनवेलला परतणार की इथंच राहणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सरळ विचारावं, तर ते दादूला कधी जमलं नाही. त्याला गोष्ट सांगता यायची. म्हणून तोंड माणसांकडं आणि आवाज दाराकडं करून तो सांगत होता.

"पण तुझी गाडी तर बाळंतीण होती ना रं?" शेजारच्या तुळशीरामनं सुपारी कातरता कातरता विचारलं.

दोघंतिघं गालात हसले. गाडीची ती हकिकत नेऱ्यात सगळ्यांना पाठ होती. दादूची भाड्यानं चालणारी गाडी दिवाळीत धूर ओकायला लागली, तेव्हा पनवेलच्या दयाराम मिस्त्रीनं इंजिन उतरवलं, खोललं, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या. परत चढवताना त्यानं बजावलं, "आत सगळं कोवळं आहे. पाचशे मैल होईतो काटा विसाच्या वर न्यायचा नाही. बाळंतीण समज हिला!"

दुसरा कुणी असता तर त्यानं विसाचा आकडा धरला असता. दादूनं बाळंतीण धरली. बॉनेटखाली बिबा बांधला, दिव्याखाली काजळाची तीट लावली. सव्वा महिना गाडी खाडीपलीकडं न्यायची नाही नि दिवेलागणीनंतर बाहेर काढायची नाही, असं ठरवून टाकलं. वारं लागू नये म्हणून पुढच्या जाळीला जनीचं जुनं लुगडं गुंडाळलं. आतलं पाणी खदखदून झाकण उडालं, तेव्हा कुठं ते सोडलं. जनी म्हणाली होती, "माझ्या बाळंतपणात तुमी ओवे गावच्या जत्रेत होता."

"बाळंतीण होती," दादू म्हणाला. "पण मी तिच्या कानात सांगितलं, बाई, आज बाळंतपण इसर. तशी जी उसळली! काटा साठावर गेला. साठाच्या पुढं आकडेच नाय, मग तो घड्याळागत गरागरा फिरायला लागला. वाटेत एक कोंबडी आडवी आली, ती गाडीच्या वाऱ्यानं उडाली नि आमच्या आधी पनवेलात उतरली."

"अन् वाटेतली गाढी नदी?"

"चाक भिजलं नाय!"

"गाडीत चारजण चढलेले, त्यांना तूच उतरवलंस म्हणं?"

"उतरवलं. ओझं कमी, तितका वेग जास्त."

चौघांना त्यानं उतरवलं होतं खरं. पण 'नव्या इंजिनावर ओझं नको' असं तेव्हा म्हणाला होता. काटा पंधराच्या वर हलला नव्हता. दर दोन मैलांवर तो उतरत होता, बॉनेट उघडून तापल्या लोखंडावर हात ठेवत होता, जसा तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "दोन मिनिटं, जगन," तो म्हणत होता, "हिला दम खाऊ दे." दुसऱ्यांदा बॉनेट लावून तो परत येऊन बसला, तेव्हा जगनच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि जीभ जड झाली होती.

"मग एवढ्या लवकर पोचून वाचला का नाय?" तुळशीरामनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"नाग अस्सल होता. डाक्टर म्हणाला, इमानात घालून आणला असता तरी..."

दार करकरलं. जनी उंबऱ्यात उभी होती. पदर डोक्यावर, डोळे रडून सुजलेले.

"वाटेत तो काय बोलला?" तिनं विचारलं.

बारा दिवसांतला तिचा हा पहिला शब्द. दादूला वाटलं, आता अडखळलो की संपलं.

"म्हणाला, दाजी, काय पळते तुमची गाडी! जनीला सांगा, मला जरा पण भ्या वाटत नाय."

जनी खांबाला टेकली. मग आत गेली, आणि परत आली ती गाठोडं काखेत घेऊन. गुणाबाईच्या पाया पडली. पायरी उतरली. दादूनं टोपी झटकली, उठला, आणि गाठोडं घ्यायला हात पुढं केला.

"खोटं हाय."

मांडवाच्या कडेला विठू दूधवाला उकिडवा बसला होता. रोज सकाळी तो नेऱ्याचं दूध सायकलीवर घालून पनवेलला नेई. तो दादूकडं बघत नव्हता, जनीकडं बघत होता.

"बारा दिवस गप बसलो, वयनी. दोन भरल्या किटल्या घेऊन मी सायकलीवर यांच्या पुढं गेलो. दादूभाऊ बॉनेटमंदी डोकं घालून हुबे होते. जगननं खिडकीतनं माझा हात धरला. म्हनला, विठू, दाजींना सांग ना रं, चला म्हणून."