काशीच्या कपाळामागचा अंधार

मित्रांनो, मी एक जुनी ग्रंथी आहे. नळदुर्गजवळच्या वस्तीवर काशी नावाची म्हैस आहे, तिच्या मेंदूच्या मधोमध मी बसते. आकाराने अगदी इवलीशी. पुस्तकात मला पिनियल म्हणतात. गोठ्यात मला कुणी ओळखतही नाही.

दिवस मावळला की डोळे मला वर्दी देतात आणि मी कामाला लागते. अंधारात मी मेलाटोनिन पाझरते. पेप्टाइड नावाचे प्रथिनांचे बारीक तुकडेही बनवते. त्यांचं नेमकं काम काय, यावर शहाणी माणसं अजून वाद घालतात. रात्री मोठ्या झाल्या, की मेंदूला माझ्याकडून तसं कळतं. मग तो आपली संप्रेरकं सोडतो, बीजकोश जागा होतो आणि म्हैस माजावर येते, म्हणजे गाभण राहायला तयार होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास काशी रेकायची, ती माझ्या निरोपावर.

म्हैस व्यायली की घरची म्हातारी इरम्मा काशीच्या कपाळाला विभूती लावायची. तिचं बोट माझ्याजवळून जायचं. माझं कौतुक ते एवढंच.

मग शेजारच्या शेळ्या चोरीला गेल्या. इरम्माचा मुलगा सिद्धेश्वर घाबरला आणि त्याने गोठ्यावर भला मोठा हॅलोजन लावला. तेव्हापासून रात्र झालीच नाही. मी बधिर झाले. वाईट वाटलं असंही म्हणवत नाही. काही वाटतच नव्हतं. दिवाळी आली, गेली. काशी गप्प राहिली.

"अव्वा, ही भाकड झाली. येत्या बाजाराला न्यायची," सिद्धेश्वर म्हणाला.

"भाकड म्हस कोन घेतंय, ठावं हाय मला," इरम्मा म्हणाली. "आदी डाक्टरीनबाईला दाखीव."

दोष दिव्याचा आणि बाजार काशीला; चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. डॉक्टर महेश्वरी आल्या. त्यांनी काशीला तपासलं. दोष काही सापडेना. मग त्यांची नजर वर गेली.

"आजी, हा लाईट रात्रभर असतो?"

"व्हय माय. चोराची भीती लई."

"मग हिला रात्र झालेली कळणार कशी? महिना-दोन महिने अंधार द्या. क्षारांची पुडीही देते, ती खाद्यातून चारा."

"आन् चोर आला तर?" सिद्धेश्वर म्हणाला.

"म्या हाय की," इरम्मा म्हणाली. तिने आपली बाज गोठ्यात आणून टाकली.

रोज संध्याकाळी हॅलोजन बंद होऊ लागला. थंडीत इरम्मा कांबळं पांघरून खोकत पडायची. मुंग्या आलेला पाय हळूहळू जागा व्हावा, तशी मी जागी झाले. एका सकाळी काशी रेकली. सिद्धेश्वर सगळ्यांना सांगत सुटला, "पुडीचा गुण बघा!" मी काय बोलणार?

यथावकाश काशी व्यायली. तोवर इरम्माचे गुडघे थंडीने धरले होते. तिची बाज घरात गेली होती. "रेडकू लई गुणाचं हाय, कुनी उचलून न्यायला नको," म्हणत सिद्धेश्वरने त्याच रात्री हॅलोजन पुन्हा लावला.

त्या रेडकाच्या डोक्यातही माझ्यासारखी एक आहे. जन्मल्यापासून तिला एकही अंधारी रात्र मिळालेली नाही, म्हणून काही चुकतंय असंही तिला वाटत नाही. मीही पुन्हा बधिर होत चालले आहे. रोज अंथरुणातून इरम्मा हाक मारते, "सिद्द्या, लाईट बंद कर रं!" टीव्हीच्या आवाजात त्याला ते ऐकू जात नाही.

मित्रांनो, तुम्हाला ऐकू आलं असेल, तर तेवढा दिवा मालवा.