आधी दोरी बदला

मी बोलतेय हो, इकडे, दाराजवळून! मासे धरायची काठी. अंगाने फायबरग्लासची, रंगाने मधासारखी, वयाने विचारू नका. मुठीजवळ सहाचा आकडा आहे, म्हणजे मला फार तर सहा नंबरची दोरी झेपते; आकडा वाढला की दोरी जड. आमच्या खेळात गळाला पिसांची खोटी माशी असते. तिला वजन असं नाहीच. ती लांब जाते ती दोरीच्या वजनाने. तेव्हा दोरी चुकली की काठीचं सगळंच चुकलं.

मला घडवणारा कारागीर म्हणायचा, "ही निवांत आहे. हिला घाई करू नका." खरंय, मी पार मुठीपर्यंत वाकते आणि सावकाश उठते. पुढे कार्बनच्या ताठ, चपळ काठ्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

मालकीण शिवणकाम करते. तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, कार्बनच्या काठीचा झटका सोसेना, म्हणून मला खाली काढलं. नवऱ्याने हौसेने नवीकोरी दोरी आणली, सात नंबरची! त्यात या नव्या दोऱ्यांचं सगळं वजन पुढच्या टोकाला. नदीवर तिने पहिल्यांदा फेकली आणि माझं कंबरडंच मोडलं म्हणा ना. दोरीचा तिच्या पायाशी ढीग झाला. दुसऱ्यांदाही तेच.

"गेला माझा हात," ती म्हणाली. "आता कसलं शिवण आणि कसले मासे! विकून टाका हिला."

अगं बाई, हात नाही, दोरी! पण मला तोंड कुठे आहे?

तोंड होतं मासे धरायला सोबत आलेल्या तिच्या नणंदेला. "दादा, काठीवर सहा लिहिलंय. तू सात कुठून काढलेस?"

"दुकानदार म्हणाला, काठी मऊ आहे, जडच लागेल."

"मग त्यालाच बोलव फेकायला!" असं म्हणत तिने स्वतःचं रीळ मला लावलं. दोरी पाच नंबरची, जुनी, दोन्ही टोकांना सारखी निमुळती. "वहिनी, एकदाच फेक. माझ्यासाठी."

मालकिणीने नाइलाजाने हात मागे नेला, थांबली. मी आरामात वाकले आणि उठले. दोरी सरळ उलगडत गेली, माशी पाण्यावर अलगद टेकली. खांदा दुखलाच नाही.

"आहे गं, हात आहे माझा!" म्हणून ती रडायलाच लागली. मलाही भरून आलं.

मासा एकही लागला नाही, कुणी विचारलंही नाही. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखी कुणी असेल, तर मऊ आहे म्हणून तिच्यावर जड दोरी लादू नका. हलकी लावा, हात मागे नेलात की जरा थांबा. आम्ही उठतो हो, फक्त वेळ लागतो.