पत्र्यावरची केबल

दसरा झाला आणि बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परतले. गेल्या गेल्या कळलं, आमचं घड्याळ दुपारी बिघडतं.

काटेवालं घड्याळ नव्हे. साकीनाक्याला एका गाळ्यात आम्ही उपग्रहांकडून वेळ घेणारी यंत्रं बनवतो. गच्चीवर अँटेना, तिथून खोलीत उतरणारी केबल, केबलच्या टोकाला डबा. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेला असा एक डबा दिवाळीआधी हवा होता. त्यांना सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही फरक चालत नाही. आमचा डबा ऊन चढलं की घसरायचा आणि रात्री आपोआप जागेवर यायचा.

"डबा तुझा आहे, संघमित्रा," यज्ञेश सर म्हणाले. कंपनी त्यांची. "नाही सुधारला तर त्याच्यासोबत तू जा. पंधरा दिवस तिकडे बसून ठीक करून दे."

यशू सात महिन्यांची. दिवसा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला नाचणीच्या सत्त्वावर कशीबशी सांभाळायच्या. बाटली तिने कधी तोंडात धरली नाही. संध्याकाळी मी मुलुंडला घराचं दार उघडलं की ती नुसत्या आवाजाने हात पसरायची. पंधरा दिवसांत माझं दूध आटलं असतं.

सरांना यातलं काही बोलले नाही. तेव्हा कुणाला काही सांगावंसंच वाटत नसे. डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं. लोक बोलायचे, मी मान हलवायची.

"एसीची भानगड असणार," निलेश म्हणाला. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो.

खोलीचं तापमान पाहिलं. दिवसभर तेवढंच. मग एक दिवस आभाळ भरून आलं आणि त्या दिवशी स्क्रीनवरची, वेळेतला फरक दाखवणारी रेघ सरळ राहिली. म्हणजे जे काही होत होतं ते उन्हात होत होतं.

मी रॅकच्या मागे वाकून पाहिलं. तिथे केबलचं मोठं वेटोळं टांगलेलं असायचं. केबल गरजेपेक्षा लांब होती, पण कापायची नाही असं ठरलेलं. सिग्नलला तिच्यातून यायला किती वेळ लागतो ते मोजून आम्ही हिशेबातून वजा करतो. कापली तर सगळं पुन्हा मोजा. आता तिथे नुसता खिळा होता.

"निलेश, वेटोळं कुठेय?"

"ते ना... खंडेनवमीला सरांनी सगळं आवरायला लावलं. मशीनला हार, हळदकुंकू, फोटो. ते मध्ये घाण दिसत होतं यार. वर खेचून घेतलं."

"वर कुठे?"

"लिफ्टच्या खोलीच्या पत्र्यावर."

तापली की केबल बदलते. अगदी किंचित, पण सिग्नलला तिच्यातून यायला लागणारा वेळही तेवढाच बदलतो. वजा करायचा आकडा मात्र आम्ही एसीत मोजलेला.

मी गच्चीवर गेले. ऑक्टोबरचं ऊन. वेटोळ्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. टाकीच्या नळाला बादली लावली, सिमेंटची रिकामी पोती भिजवून त्यावर टाकली, वरून पाणी ओतत राहिले. फोन कानाला, खाली स्क्रीनसमोर निलेश.

"काही?"

"काही नाही."

आणखी एक बादली. पत्र्यावर पाणी चर्रकन वाजायचं आणि कडेने सुकत जायचं.

"आता?"

"थांब ना जरा... अगं मित्रा, वळली! रेघ वळली! झकास!"

खाली निलेश टाळ्या वाजवत होता, ते फोनमधून ऐकू येत होतं. मी रिकामी बादली धरून उभी होते. आनंद व्हायला हवा, हे कळत होतं. कुडत्याचा पुढचा भाग ओला झाला होता. पाण्याने नव्हे. यशूची भुकेची वेळ झाली होती.

वेटोळं पुन्हा खोलीत आलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी रेघ सरळ होती. सर खूश.

"कमाल केलीस! आता असं कर, डबा बसवायला तूच जा. त्यांचीही केबल गच्चीवरून येणार, त्यांनी काय घोळ घातलाय ते तुलाच कळेल. पंधरा दिवस धरून चल."

निलेश माझ्याकडे बघायला लागला.

"दोन तिकिटं काढा," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "एक माझ्या सासूबाईंचं. आणि मुलगी सात महिन्यांची आहे, तीही येईल. राहायला स्वयंपाकघर असलेली खोली बघा."

"अगं, कामाला चाललीस ना? सहकुटुंब सहपरिवार?"

"ती अजून अंगावर पिते, सर."

सर एकदम टेबलावरचे कागद सरळ करायला लागले. "बरं, बरं," म्हणाले. "सांगतो ऑफिसात."

जिन्यात येऊन घरी फोन लावला.

"विमानात?" आई ओरडल्या. "वेडी का गं तू? पोरांचे कान दुखतात म्हणे वर जाताना!"

"प्यायला घेतलं की नाही दुखत."

"मग माझ्या कानांचं काय?"

मागून यशूचं काहीतरी चाललं होतं. आईंनी फोन तिच्या तोंडाशी धरला असावा, कारण तिचा श्वास ऐकू यायला लागला. मी जिन्यात बसले आणि ऐकत राहिले.